आंब्याची कोय वाळवू नये

श्रोतेहो, घराच्या गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणाच्या एका कोपऱ्यात आपल्या उष्ण हवेतील फळझाडांची रोपे बियांपासून कशी करावीत, हा आजचा विषय आहे. यासंबंधी मला जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा माती कोणती, खत कोणते आणि कुंडी केवढी असे असतात. ते प्रश्न योग्यच आहेत, परंतु बहुतेकांचे अपयश कुंडीत घडत नाही, असे माझे निरीक्षण आहे. बी फळातून बाहेर पडल्यापासून मातीत जाईपर्यंत जो काळ जातो, त्या काळातच ते मेलेले असते, आणि आपण महिनाभर निष्ठेने पाणी घालतो ते एका मृत वस्तूला.

याचे मूळ आपल्या एका चांगल्या सवयीत आहे. ज्वारी, तूर, वाल, भोपळा यांचे बियाणे उन्हात खडखडीत वाळवायचे आणि कोरड्या डब्यात पुढच्या पेरणीपर्यंत जपायचे, हे आपल्या घरांनी पिढ्यान्पिढ्या केले. धान्याच्या आणि भाज्यांच्या बियाण्याला ते मानवते. हीच काळजी आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची किंवा कोकमाची बी यांच्या वाट्याला आली, की ती त्यांच्या जिवावर उठते. या बिया वाळवल्या की मरतात. त्या शीतकपाटात ठेवल्या तरी मरतात, कारण थंडीही त्यांना सोसत नाही.

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे संशोधक ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 मध्ये बियांचे असे दोन गट स्पष्टपणे मांडले. पहिल्या गटातील बी झाडावरच पक्व होताना आपले पाणी कमी करते, तिच्या आतील जीवनक्रिया जवळजवळ थांबतात, आणि अशी बी कोरड्या थंड जागी कित्येक वर्षे टिकते. दुसऱ्या गटातील बी हा विसावा घेतच नाही. ती फळातून बाहेर पडते तेव्हाही ओलीच असते, तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो, आणि रुजण्याची तयारी आत सुरू झालेली असते. ते पाणी काढून घेतले की पेशींची रचनाच कोसळते, आणि मग पुन्हा पाणी घालून काही उपयोग होत नाही. नॉर्वेतील स्वालबार्ड येथे 2008 पासून जगभरातील पिकांचे बियाणे उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात साठवले जाते. परंतु आंबा आणि फणस यांच्या बिया तशा साठवता येत नाहीत. त्यांच्या जाती सांभाळायच्या तर जिवंत झाडांच्या बागाच राखाव्या लागतात. एवढी मोठी यंत्रणा जे करू शकत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरातील डब्यात होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

मग कोणती बी कोणत्या गटातील, हे घरी कसे ओळखावे? फळाचा हंगाम आणि पावसाचा हंगाम शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळ उलगडा होतो. कोकणात आंबा, फणस आणि कोकम उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात आणि जांभूळ तर मृगाच्या तोंडावर पडते. फळ जमिनीवर पडते आणि काही दिवसांत पाऊस येतो. अशा बीला टिकून राहण्याचे कौशल्य कशासाठी हवे? तिला फक्त लगेच रुजता आले पाहिजे. सीताफळाचे गणित उलटे आहे. ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले झाड, आणि आपल्याकडे ते बालाघाटाच्या डोंगरांत आणि पुरंदरच्या माळरानांवर चांगले रमले. त्याची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या सुमारास पिकतात. तेव्हा पडलेल्या बीसमोर हिवाळा आणि उन्हाळा असे सात-आठ कोरडे महिने असतात, म्हणून तिचे कवच कठीण, रंग काळा कुळकुळीत, आणि ती वाळवून ठेवली तरी पुढच्या जूनपर्यंत जिवंत राहते. हा आडाखा प्रत्येक फळाला तंतोतंत लागू पडत नाही. पपई बारा महिने फळते आणि तिची बी या दोहोंच्या मधल्या वर्गात मोडते. तरीही नवे फळ हाती आले की आधी हा विचार करावा, आणि शंका असेल तेव्हा बी वाळवू नये, त्याच दिवशी पेरावी.

आता आंब्याचे थोडे सविस्तर पाहू. आंबा खाऊन झाल्यावर बाठ्याचे सर्व तंतू आणि गर घासून धुवावा व बाठा एक रात्र सावलीत ठेवावा, म्हणजे तो हातातून निसटत नाही. बाठ्याची एक कड फुगीर आणि एक आत वळलेली असते. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कडेचा थोडासा भाग जपून कापला, की टरफलाचे दोन पापुद्रे हाताने उलगडता येतात. आत मूत्रपिंडाच्या आकाराची, कागदासारख्या तपकिरी पातळ सालीत गुंडाळलेली कोय दिसते. ती घट्ट, भरीव आणि फिकट पांढरी किंवा किंचित हिरवट असेल, तर ती जिवंत आहे. ती सुरकुतलेली किंवा करडी असेल, तर तिच्यावर वेळ दवडू नये. कधी कधी आत भुसा आणि काळसर भुंगा सापडतो. ही कोयीतील सोंड्याची कीड. तिने कोयीचा थोडाच भाग खाल्ला असेल तर रोप येऊ शकते, पण ते अशक्त निघते.

कोय पेरताना तिची फुगीर बाजू वर आणि आत वळलेली बाजू खाली ठेवावी, आणि तिच्या वर बोटाच्या एका पेराहून जास्त माती घालू नये. मूळ खालच्या बाजूने सरळ उतरते आणि कोंब वर येतो. कोय उलटी पडली तर कोंबाला वळसा घ्यावा लागतो आणि बुंध्याला कायमचा बाक येतो. टरफल काढलेली कोय साधारण दोन ते तीन आठवड्यांत रुजते. पहिली पाने तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असतात. ती कोमेजली आहेत असे समजून अनेक जण पाण्याचा मारा करतात, आणि रोप त्या पाण्याने जाते. ती पाने तशीच असायची. पंधरवड्यात हिरवी होऊन ताठ होतात. आंब्याच्या रोपाची शिदोरी मातीखाली असलेल्या कोयीत असते, म्हणून पहिले दोन महिने कोय रोपापासून तोडू नये आणि खतही घालू नये.

अमेरिकेत राहणारे आपले आप्त तिथे मिळालेल्या हापूसच्या कोयीविषयी विचारतात, म्हणून येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. 2007 मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली ती विकिरणाच्या अटीवर. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे केंद्र वापरात आले. किडींची वाढ रोखण्यासाठी दिलेल्या त्या किरणांचा मार कोयीतील वाढत्या पेशींनाही बसतो, म्हणून अशी कोय रुजेल यावर भरवसा ठेवू नये. इथून कोयी सामानातून नेण्याचा मार्ग तर धरूच नये, कारण वनस्पती-संगरोधाचे नियम कडक आहेत आणि ते योग्य कारणासाठी आहेत.

फणसाची आठळी गऱ्यातून काढल्यावर तिच्यावरचे बुळबुळीत आवरण धुऊन टाकावे आणि ती आडवी पेरावी. जांभळाची बी दोन आठवड्यांच्या आत मातीत गेली पाहिजे. कोकमाच्या बीचे तसेच. या सर्वांचे सोटमूळ कोंबाच्या आधी आणि कोंबापेक्षा वेगाने खाली जाते, त्यामुळे रुंद उथळ कुंडीपेक्षा उंच अरुंद पिशवी चांगली. मातीचे म्हणाल तर तिचा निचरा हा एकच गुण खरा महत्त्वाचा आहे. लाल माती, चाळलेले जुने शेणखत आणि कोकोपीट किंवा जाड वाळू सारख्या प्रमाणात घेतली तर काम भागते. पिशवीला तळाशी आणि बाजूंना भोके असावीत. ताजे शेण घालू नये.

पपईवर थोडा अधिक वेळ घालवतो, कारण सदनिकेत राहणाऱ्याला बीपासून फळापर्यंतचा सगळा प्रवास वर्षाच्या आत दाखवणारे एवढे एकच झाड आहे. पपईच्या प्रत्येक काळ्या बीभोवती पाण्याने भरलेली एक पारदर्शक पिशवी असते आणि तिच्यात रुजण्याला अटकाव करणारी द्रव्ये असतात. म्हणून बिया चाळणीत घेऊन, थोडी वाळू किंवा राख लावून चोळाव्यात आणि ती पिशवी पूर्ण निघेपर्यंत धुवाव्यात. हवा उबदार असेल तर दोन-तीन आठवड्यांत रोपे उगवतात. पुण्याच्या डिसेंबरात ती रेंगाळतात, म्हणून फेब्रुवारीची वाट पाहणे बरे. रोपे जमिनीलगत मऊ पडून एकाएकी कोलमडतात, ती साचलेल्या ओलीमुळे वाढणाऱ्या बुरशीने. त्यावर वरचेवर औषध मारण्यापेक्षा पाणी कमी करणे आणि रोपांत अंतर ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

पपईचा दुसरा प्रश्न नर-मादीचा आहे. जुन्या गावठी पपईत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बियांतून ती सारख्याच प्रमाणात येतात. बाजारात हल्ली जी लांबट फळे मिळतात, रेड लेडी 786 सारख्या जातींची, ती उभयलिंगी फुलांपासून होतात. अशा फळातील बिया उभयलिंगी झाडाच्याच परागातून धरलेल्या असतील, तर त्यांतून दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी झाड मिळते आणि नर झाड निघत नाही. म्हणून बी लांबट फळाची निवडावी, एका जागी तीन रोपे लावावीत, आणि कळ्या दिसल्यावर निर्णय घ्यावा. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे घोस आले तर ते झाड नर आहे. खोडालगत एकेकटे, टपोरे फूल आले तर मादी. कळ्या येण्याआधीच झाड नर की मादी हे ओळखता येते असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण रोपाच्या मुळांवरून किंवा पानांवरून लिंग सांगण्याच्या त्या युक्त्यांना आधार नाही. शिवाय रेड लेडी ही संकरित जात असल्यामुळे तिच्या फळातील बियांची झाडे आईसारखी तंतोतंत होणार नाहीत, हे जाणूनच पेरावे.

आईसारखे होणे न होणे हा प्रश्न प्रत्येक फळात वेगळा सुटतो. कागदी लिंबाच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन रोपे निघतात. त्यांतील जोमदार रोपे बहुधा आईच्याच ऊतींपासून तयार झालेली, म्हणजे तिच्याच गुणांची असतात. आपल्याकडे कागदी लिंबाच्या बागा बियांच्या रोपांपासून उभ्या राहिल्या त्या याच बळावर. घरी करताना एका बीतील खुरटे रोप काढून टाकावे. केरळच्या किनाऱ्यावरील ओलूर, चंद्रकरन यांसारख्या आंब्यांतही एका कोयीतून अनेक रोपे येतात. हापूस, केसर आणि पायरी मात्र तशा नाहीत. त्यांच्या कोयीत एकच अंकुर असतो, त्याला आई आणि बाप दोन्ही असतात, आणि त्यातून जे झाड होते त्याला आपण रायवळ म्हणतो. त्याचे फळ आंबट निघेल, बिटक्यासारखे लहान निघेल, किंवा कोणाच्याही अपेक्षेपलीकडे उत्तम निघेल.

हा तोटाच आहे असे मी मानत नाही. पुण्याच्या गणेशखिंडीतील फळ संशोधन केंद्रात 1927 मध्ये डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा पेरूच्या बियांपासून वाढलेल्या झाडांतून एक झाड निवडले, आणि त्यातून लखनौ 49, म्हणजेच सरदार ही जात देशाला मिळाली. रत्ना हा साक्यापासून, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होण्याच्या दोषापासून, मुक्त असलेला आंबा कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये प्रसारित केला. तोही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेल्या एका कोयीचेच झाड होता. परंतु निवड करायला झाडे पुष्कळ लागतात आणि जागा मोठी लागते. गच्चीवर ज्याला एकाच झाडाची सोय आहे, त्याने सात-आठ वर्षे थांबून आंबट फळ पाहावे, असे मी सांगणार नाही. कोकमात तर याहून कठीण प्रसंग येतो, कारण बियांतून आलेली जवळजवळ निम्मी झाडे नर असतात आणि ते कळायला तेवढीच वर्षे जातात.

अशा वेळी बीपासून आलेले रोप खुंट म्हणून, म्हणजे हव्या जातीची काडी ज्यावर जोडायची ते खालचे झाड म्हणून, वापरावे. आंब्याच्या कोय कलमाची पद्धत दापोलीच्या विद्यापीठाने कोकणात रुजवली, आणि ती घरी करण्याइतकी सोपी आहे. ज्या हापूस झाडाची काडी हवी, त्यावरील तीन-चार महिन्यांच्या, टोकाचा डोळा फुगलेल्या फांदीची पाने देठ राखून आठवडाभर आधी छाटावीत. कोयीचे रोप आठ ते पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस असलेले घ्यावे. ते कोयीपासून चार बोटे वर आडवे कापावे, धारदार स्वच्छ पात्याने मधोमध उभी चीर द्यावी, आणि सारख्याच जाडीच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून केलेली पाचर तिच्यात बसवावी. दोघांची साल निदान एका बाजूला तरी जुळली पाहिजे. जोड प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा, पिशवी सावलीत ठेवावी आणि जोडावर पाणी पडू देऊ नये. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला सर्वांत अनुकूल. देशावर करायचे असेल तर वरून पारदर्शक पिशवीची टोपी घालून ओलावा राखावा. साधारण तीन आठवड्यांत डोळा फुटतो. त्यानंतर जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी खुडावा, कारण तो रायवळाचा असतो आणि वाढू दिला तर वरच्या हापूसला उपाशी ठेवतो. काडीवर दोन वेळा नवी पालवी येऊन गेली, की पट्टी उभी चिरून काढून टाकावी, नाहीतर ती सालीत रुतते. हे कलम पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवावे आणि लावताना जोड मातीच्या वर राहील, याची काळजी घ्यावी.