बसलेला पक्षी उडणार कधी?

बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढणं फार अवघड नाही. पाठीशी सूर्य, हातात चारशे मिलिमीटरची लेन्स, झालं. असे शंभरेक फोटो जमले की अनेकांचा कॅमेरा कपाटात जातो. छंदाची खरी चटक लागते ती पुढच्या सेकंदाला पक्षी काय करणार हे कळायला लागलं की, आणि ते शिकायला आपल्या सोलापूरच्या माळासारखी शाळा नाही. झाडी कमी, उजेड भरपूर, सगळं उघड्यावर.

बार्शी रस्त्यानं नान्नजकडे निघालात की तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर कापशी घार दिसते. पांढुरकी, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालभडक. निवांत असते तेव्हा पिसं फुगवून, मान आखडून बसते. उडायच्या आधी पिसं अंगालगत घेते, डोकं वरखाली करून भक्ष्याचं अंतर जोखते, पुढे झुकते आणि बऱ्याचदा शिटते. हसू नका, शिटली की बोट बटणावर हवंच! तिथून सेकंदभराचा अवधी मिळतो. तो हुकला की फोटोत नुसती फांदी. आपल्या सगळ्यांच्या कार्डात अशा फांद्या ढिगानं असतात.

आता वारा. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उडतो आणि उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड करतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून झेप घेणार. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून येतो, सूर्यही तिकडेच. पक्ष्याच्या पूर्वेला उभे राहिलात की उजेड आणि झेप दोन्ही मिळतात. पावसाळ्याच्या तोंडाला वारा पश्चिमेचा, तेव्हा हाच हिशेब संध्याकाळी. कापशी हवेत एका जागी पंख मारत थांबते तीही वाऱ्याकडे तोंड करून. वारा न बघता उभे राहणाऱ्याला शेपट्यांचेच फोटो मिळतात.

शटरचं गणित सोपं. बसलेल्याला १/५०० सेकंद पुरतं, घारीच्या झेपेला १/२००० आणि चंडोलासारख्या लहानग्याला १/३२००. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर. फ्रेम थोडी रवाळ दिसली तरी चालेल, हललेली फ्रेम कुणालाच दुरुस्त करता येत नाही. जास्त गडबड होते ती एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्यात. हिप्परगा तलावाच्या गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा काळ्या पाण्याला भुलतो आणि बगळ्याची पिसं जळतात, नुसता पांढरा डाग उरतो. तिथं एक्स्पोजर एक स्टॉप उणे करा, म्हणजे उजेड निम्मा. तोच बगळा उजळ आभाळात उडाला की एक ते दीड स्टॉप अधिक, नाहीतर तो काळा पडतो.

माळावर पायी फिरण्यापेक्षा गाडीत बसून राहावं. पक्षी गाडीला तितका बिचकत नाही, दार उघडून माणूस उतरला की मात्र उठतो. ट्रायपॉडची अडचणच होते. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली पिशवी घ्या, तिच्यात दोन-अडीच किलो ज्वारी भरा, गच्च भरू नका, म्हणजे लेन्स नीट रुतते. ही पिशवी खिडकीच्या काचेवर टाकायची आणि इंजिन बंद करायचं. चालू इंजिनाची थरथर सहाशेच्या लेन्सला थेट पोचते. पावसाळ्यात ज्वारी बदला, किडे होतात.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे झळा. फेब्रुवारीनंतर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा लवलवायला लागते. साठ मीटरवरचा धाविक पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये पाण्यात बुडाल्यासारखा हलतो, डोळ्याला धार येत नाही. लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात! दोष हवेचा असतो. त्याहून लांब पल्ल्याची लेन्स लावून काही होत नाही, मधली हवा तेवढीच राहते. एकतर अंतर कमी करा, नाहीतर सामान आवरा. आणि एसी लावलेल्या गाडीची काच खाली केली की थंड-गरम हवा लेन्ससमोरच मिसळते. थांबण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करावा.

उन्हाळ्यात एक काळजी मात्र घ्याच. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, साधारण चार, रंग मातीचाच. बेचाळीस अंशांत ती अंड्यांवर उभी राहते ती सावली धरायला, पोटाची पिसं भिजवून आणते ती अंडी गार ठेवायला. तुम्ही फोटोसाठी तिला दहा मिनिटं उठवून ठेवलं तर आतलं पिल्लू शिजू शकतं. टिटवी ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालत असेल तर अंडी जवळच आहेत. पायाखाली बघत, आलात त्याच वाटेनं मागे फिरा. घरट्याचा फोटो कितीही देखणा असो, तो मला कधीच पटलेला नाही.

उजनीबद्दल थोडक्यात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित पक्षी येतात, म्हणून जानेवारीनंतर जावं. होडीवाल्याला थव्यावर सरळ न जाता तिरकं न्यायला आणि लांबूनच इंजिन बंद करायला सांगा. थव्यानं माना उंच करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली की थांबायचं. आणखी पुढे गेलात तर सगळा थवा उठेल.

शेवटी नेहमीचा प्रश्न येतोच, लेन्स कुठली घेऊ? सध्या आहे ती. कॅमेऱ्याबरोबर आलेली अडीचशेची असेल तर वेडा राघू धरा. तो तारेवरून सुटतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. त्याच्या बैठकीवर फोकस लावून ठेवा, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा, कारण परतताना तो तिकडूनच, वाऱ्याला तोंड देत येणार. १/२५००, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढायचा नाही. तो माशी तारेवर आपटून मग गिळतो, तेव्हा पहिली फ्रेम हुकली तरी दुसरी मिळते.