पांझरेकाठचे फड

[दृश्य: धुळे जिल्हा, पांझरा नदीचं पात्र. जुना दगडी बंधारा, कडेने निघालेला अरुंद पाट.]

हा बंधारा नीट बघा. उंची फार नाही. नदी अडवून धरणं हे याचं कामच नाही. पाणी थोडं वर चढवायचं, कडेच्या पाटात वळवायचं आणि उरलेलं माथ्यावरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जाऊ द्यायचं. मोटार नाही, वीज नाही. पाणी उताराने चालतं. पांझरेच्या खोऱ्यात अशी शेती 300-400 वर्षांपासून चालत आली. तिला म्हणतात फड पद्धत.

[दृश्य: पाटाच्या कडेने चालत पुढे.]

पाणी पाटातून चारीत, चारीतून सारंगात म्हणजे शेतातल्या बारीक पाटात, सारंगातून वाफ्यात. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे साधारण चार भाग पाडलेले असत, तेच फड. एका फडात त्या वर्षी एकाच तऱ्हेचं पीक. एकात ऊस, दुसऱ्यात दोन हंगामांची पिकं, बाकीच्यांत गहू, ज्वारी, हरभरा असं एकाच हंगामाचं. पुढे फेरपालट. उसाने दमलेल्या मातीला मग उसंत मिळायची.

खरी मेख पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी असलं की गाव बसून ठरवायचं, यंदा अमुक फड भिजवायचे, अमुक कोरडे ठेवायचे. कोरड्या फडाची झळ सगळ्यांना, भिजलेल्या फडातला दाणाही सगळ्यांच्या घरी. शिवाराची इतकी शहाणी आखणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

[दृश्य: चारीच्या तोंडाशी ओल्या मातीचा बांध. फावड्याचा एक घाव.]

मातीचं ढेकूळ बाजूला होतं. पाणी आधी गढूळ, जरा दबकत येतं. कोरड्या भेगांत शिरताना त्याचा बारीक आवाज होतो. मग वाफा काळा पडत जातो. कुणीतरी अहिराणीत ओरडतं, ‘पानी उनं!’ पाणी आलं.

फडात दारं धरायचं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायचं काम शेतकऱ्याचं नव्हे, पाटकऱ्याचं. जागल्या राखण करायचा, हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवायचा. त्यांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपात मिळे. पाटातला गाळ मात्र गावानेच काढायचा.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, नदीची चाल बदलली. शेताशेतात विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याची विहीर त्याचं पाणी, मग गावाने एकत्र बसायचं कशाला? कितीतरी फड मोडले. याचं वाईट वाटतं. नुसते बंधारे गेले असते तर पुन्हा बांधता आले असते.

[दृश्य: साक्री तालुका, बारीपाडा. हिरवी टेकडी.]

पण गावाने एकत्र बसणं संपलेलं नाही. धुळे जिल्ह्यातल्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, कोकणा आदिवासींचं गाव. एके काळी इथला डोंगर उघडा पडला होता, पाण्याचे हाल होते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्याच चैत्राम पवारांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून कुऱ्हाडबंदी केली. तोडणाऱ्याला दंड, राखणीची पाळी, उतारावर चर, नाल्यांत दगडी बांध. आज सुमारे 400 हेक्टर जंगल गाव राखतं. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

[दृश्य: पानांवर मांडलेल्या रानभाज्या.]

इथे दर वर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. बाया रानातून भाज्या खुडून आणतात, चुलीवर शिजवतात, ओळीने मांडतात. कुठली कुठे उगवते, कुठली पहिल्या पावसानंतर खायची, कुठली दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय तोंडात घालायची नाही, हे त्याच सांगतात. शेजारी उभी असलेली पोर ऐकत असते.