ग्रंथाच्या साक्षीने ईश्वर सिद्ध होतो का?

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, ईश्वर आहे की नाही, हा आजचा प्रश्न नाही. तो आहे असे धर्मग्रंथात सांगितले आहे, एवढ्यावरून तो आहे हे सिद्ध होते का, एवढेच मला तपासायचे आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र हा नकार नास्तिकांकडून उसना घेण्याची गरज नाही. ग्रंथाला सर्वाधिक मान देणाऱ्या आचार्यांच्याच लेखनात तो वेगवेगळ्या रूपांत सापडतो, आणि आज मुख्यतः त्यांचेच म्हणणे मांडणार आहे.

दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे यात मुळात काही गैर नाही. आपली जन्मतारीख आपण आईवडिलांच्या सांगण्यावरून मानतो, आणि 1510 साली अल्बुकेर्कने गोवा घेतला हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही. म्हणूनच न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले व त्याची व्याख्या ‘आप्तोपदेशः शब्दः’ अशी केली. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा वक्ता. या व्याख्येतच अट आली. वचनाचे बळ वक्त्याकडून येत असल्यामुळे वक्ता आप्त आहे हे आधी कळले पाहिजे. आणि ग्रंथाचा वक्ता ईश्वरच असेल, तर ग्रंथ खरा मानण्यासाठी ईश्वर हवा व ईश्वर मानण्यासाठी ग्रंथ हवा, असा अन्योन्याश्रय होतो.

ही अडचण जुन्यांना दिसली नव्हती असे नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्य स्वतःच विचारते की ईश्वराच्या श्रेष्ठत्वाला आधार कोणता? उत्तर येते, शास्त्र. मग शास्त्राला आधार कोणता? ईश्वराचे ते श्रेष्ठ सत्त्वच. या दोहोंचा संबंध अनादि आहे, असे सांगून भाष्य पुढे जाते. मला विचाराल तर अनादि म्हटल्याने वर्तुळ जुने होते, सुटत नाही. युरोपात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1641 साली आपला ग्रंथ पॅरिसच्या धर्मपंडितांना अर्पण करताना हेच लिहिले: ग्रंथात आहे म्हणून देव मानावा आणि देवाकडून आला म्हणून ग्रंथ मानावा हे श्रद्धावंताला पटेल, पण अश्रद्धापुढे ते मांडता येणार नाही, कारण तो याला वर्तुळ म्हणेल.

वर्तुळातून बाहेर पडण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न नैयायिकांनी केला, म्हणून तेथे थोडे थांबतो. न्यायसूत्रे म्हणतात की मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्यासारखेच वेदाचेही प्रामाण्य आहे. औषध दिले की गुण येतो, हे डोळ्यांनी दिसते. ज्या आप्तांचे दृश्य गोष्टींतले वचन असे खरे ठरले, त्यांच्या अदृश्य गोष्टींतल्या वचनावरही विश्वास ठेवावा. साक्षीदाराची पत पाहण्याची आपली रोजची रीत हीच आहे, त्यामुळे हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. पण पत एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आपोआप जात नाही. तापावर गुणकारी काढा देणारा वैद्य कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनीच्या वादात साक्षीदार ठरत नाही. तो हद्दीवर हजर होता का, हे विचारावेच लागते. विश्वाच्या कर्त्याविषयी बोलणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग कोणता होता, हा प्रश्न आयुर्वेदाच्या यशाने सुटत नाही.

न्यायकुसुमांजलीकार उदयनाचार्यांनी म्हणूनच ईश्वरसिद्धीसाठी एका श्रुतीवर, म्हणजे वेदवचनावर, भिस्त ठेवली नाही. कार्याला कर्ता लागतो येथून त्यांनी सुरुवात केली, आणि श्रुतीचा उल्लेख केला तोही वेगळ्या अंगाने: वेद सांगतो म्हणून नव्हे, तर वेदासारखा ग्रंथ अस्तित्वात आहे व त्याला सर्वज्ञ कर्ताच हवा, म्हणून. येथे ग्रंथ साक्षीदार राहिला नाही, तो अनुमानाचा हेतू, म्हणजे आधार, झाला. कुराणातील ‘यासारखा एक तरी अध्याय रचून आणा’ हे आव्हान याच जातीचे आहे. या पद्धतीत वर्तुळ टळते, हे मान्य केले पाहिजे. तथापि एखादी रचना अद्वितीय आहे हे मान्य केले, तरी तिच्यामागे असामान्य प्रतिभा होती इतकेच हाती लागते. तेथून सर्वज्ञतेपर्यंतचे अंतर श्रद्धाच कापते.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे वळले की चित्र आणखी विलक्षण होते. वेदाचे त्यांच्याइतके कडवे रक्षण कोणी केले नाही, आणि त्यासाठी त्यांनी ईश्वराला बाजूला ठेवले. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. वेदाला बोलणारा कोणीच नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून तो निर्दोष. कुमारिल भट्टांनी तर जगाचा कर्ता आणि सर्वज्ञ पुरुष या दोन्ही कल्पनांचे खंडन केले. म्हणजे वेद प्रमाण मानूनही माणूस निरीश्वरवादी राहू शकतो, याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. ‘वेद मानतोस ना, मग देव मानलाच पाहिजेस’ असे म्हणणाऱ्यांनी कुमारिलांशी आधी वाद घालावा.

याउलट रामानुज आणि मध्व म्हणतात की ईश्वर अनुमानाने कळतच नाही. मध्वांच्या शब्दांत तो ‘सदागमैकविज्ञेय’, म्हणजे केवळ सद्ग्रंथांतूनच कळणारा, आहे. मग ग्रंथाच्या साक्षीला नकार देणे म्हणजे एकमेव दार बंद करणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, कारण वेदान्त्यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाध, म्हणजे ते खोटे ठरवणारे कारण, दाखवण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर असते. पण ही सवलत एका ग्रंथाला दिली की सर्व ग्रंथांना द्यावी लागते, आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. फार लांब कशाला जायचे? याच फोंडा तालुक्यातील कवळे मठ अद्वैताचा, काणकोणातील पर्तगाळ मठ मध्वमताचा. उपनिषदे तीच, ब्रह्मसूत्रे तीच, सारस्वत समाजही एकच. तरी जीव आणि ब्रह्म एक की नित्य भिन्न, यावर दोन्हीकडची उत्तरे विरुद्ध आहेत. ज्या साक्षीचा अर्थ लावताना साक्ष मानणाऱ्यांतच इतके अंतर पडते, ती न मानणाऱ्याला कशी पटणार?

गोव्याच्या ख्रिस्ती वाङ्मयातही हे दिसते. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापले गेले. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत रचलेला हा ग्रंथ आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या श्रोत्यांची श्रद्धा पोसतो; अश्रद्धाला जिंकणे हे त्याचे मुख्य काम नाही. फादर एतिएन द ला क्रुआ यांच्या 1629 च्या पीटरपुराणाचा सूर निराळा आहे. ते हिंदू पुराणांतील देवांवर टीका करतात. टीका करायला हरकत नाही. परंतु परक्या ग्रंथाला बाहेरची कसोटी लावली की तीच आपल्या ग्रंथालाही लावावी लागते, आणि हे करणारा वादपटू कोणत्याच धर्मात सहसा आढळत नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस अधिक सावध होता. जो प्रकट झालेल्या वचनातले काहीच मानत नाही, त्याच्यापुढे ते सिद्ध करता येत नाही, फक्त त्याच्या आक्षेपांना उत्तरे देता येतात, असे त्याने स्पष्ट लिहिले.

शंकराचार्यांनी घातलेली मर्यादा तर प्रसिद्धच आहे. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी त्या प्रमाण ठरत नाहीत, असे ते गीताभाष्यात म्हणतात. प्रत्यक्षाच्या प्रांतात श्रुतीचा अधिकार नाही. जे इंद्रियांना अगोचर आहे तेथेच तिचा अधिकार आहे. म्हणजे जेथे पडताळा घेता येतो तेथे ग्रंथाची गरज नाही, आणि जेथे ग्रंथाची गरज आहे तेथे पडताळा घेता येत नाही.

साखवाळला 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्या पाली वाङ्मयासाठी घर सोडून निघाले, त्यातील केसमुत्ति सुत्ताचा उल्लेख अशा चर्चेत हमखास होतो. ‘मा पिटकसम्पदानेन’, पिटकात, म्हणजे धर्मग्रंथात, आहे म्हणून मानू नका, हे वाक्य बुद्धिवादी मंडळी मोठ्या आवडीने सांगतात. बुद्धाने सांगितले म्हणून सांगतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्याच सुत्तात ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्यावरूनही मानू नका, असे पुढे आहे. बुद्धाने कालामांना, म्हणजे या सुत्तातील त्याच्या श्रोत्यांना, दिलेली कसोटी लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, ही आहे. ईश्वर आहे की नाही, याचा निर्णय त्या कसोटीवरही लागत नाही.