सारख्या विटा, सारखी वजनं

मित्रहो, 1850 च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं, तेव्हा ठेकेदारांना खडीची चणचण होती. पंजाबच्या त्या गाळाच्या सपाटीवर दगड आणणार कुठून? मग हडप्पा गावाजवळची टेकाडं खणून त्यांनी विटा उपसल्या आणि रुळांखाली पसरल्या. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भाजलेल्या त्या विटांनी आगगाडीचा भार पेलला. सिंधू संस्कृतीच्या एका थोर शहराचा केवढा भाग तेव्हा कायमचा गेला, याची हळहळ मला आजही वाटते. पुढे 1921 मध्ये दयाराम साहनींनी हडप्प्यात आणि 1922 मध्ये राखालदास बॅनर्जींनी सिंधमधल्या मोहेंजोदडोत उत्खनन सुरू केलं, आणि 20 सप्टेंबर 1924 रोजी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी हा शोध जगापुढे मांडला.

पण आज मला बोलायचं आहे ते त्या विटेबद्दलच. तिची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण 1:2:4. साधारण 7 सेंटिमीटर जाड, 14 रुंद, 28 लांब. कुठल्याही गवंड्याला विचारा, तो लगेच सांगेल यात काय साधलं आहे. दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी बरोबर एका विटेच्या लांबीएवढी होते. म्हणजे एक थर लांबीने, दुसरा रुंदीने असा रचता येतो, आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येत नाही. भिंत एकसंध होते, विटा फोडाव्या लागत नाहीत. आता हे पाहा: हेच प्रमाण हडप्प्यात आहे आणि सहाशे किलोमीटरवरच्या मोहेंजोदडोतही आहे. दोन्हीकडचे वीटभट्टीवाले एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

विटेहून मोठी गोष्ट म्हणजे वजनं. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले छोटे घन. त्यांवर बहुधा अक्षर नाही, आकडा नाही, कुणा राजाची मुद्रा नाही. सर्वांत लहान वजन ग्रॅमहून थोडं कमी, सुमारे 0.86 ग्रॅम. त्याला एक धरलं तर पुढची वजनं 2, 4, 8, 16, 32, 64 अशी दुपटीने वाढत जातात. त्यापुढे हिशेब बदलतो, 160, 200, 320, 640 असा. या दुपटीची ताकद लक्षात घ्या. एक ते चौसष्टपर्यंतची ही सात वजनं जवळ असली, की एकापासून एकशे सत्तावीसपर्यंतचं कुठलंही पूर्ण माप तोलता येतं. सर्वाधिक सापडतं ते सोळा पटीचं वजन, सुमारे 13.7 ग्रॅमचं.

ही वजनं सिंध-पंजाबात मिळतात, गुजरातेत लोथलला मिळतात, आणि समुद्रापार बहरीनमध्येही मिळतात. हडप्प्यात ती वेशीजवळ जास्त आढळतात, म्हणून आत येणाऱ्या मालावर तिथे काही कर घेतला जात असावा, असा संशोधकांचा कयास आहे. या लोकांची लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही. भव्य राजवाडा सापडलेला नाही, विजयस्तंभ नाहीत. तरीही इ.स.पू. 2600 ते 1900 अशी सुमारे सातशे वर्षं एवढ्या मोठ्या मुलखात एकच माप चाललं. अनोळखी माणसाच्या तागडीवर भरवसा ठेवता येणं, हा मला त्या संस्कृतीचा सर्वांत मोठा शोध वाटतो. तिच्या थोरवीसाठी विमानांच्या कथा रचायची काही गरज नाही.

पाण्याचं काम तुम्हाला परिचित आहे. झाकलेली गटारं, मोहेंजोदडोचं मोठं स्नानगृह, कच्छमधल्या धोलावीराचे तलाव. मी एवढंच सांगेन की मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्या बांधायला पाचरीच्या आकाराच्या विटा मुद्दाम पाडलेल्या आहेत. गोलात बसवल्यावर बाहेरच्या मातीचा दाब जितका वाढेल, तितक्या त्या एकमेकींत घट्ट होतात.

कापसाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. मोहेंजोदडोत चांदीच्या एका भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला सापडला. धातूच्या क्षारांमुळे तो कुजला नव्हता. त्याची तपासणी झाली ती माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर या दोघांनी 1928 मध्ये ते धागे कापसाचेच असल्याचं दाखवून दिलं.

इ.स.पू. 1900 नंतर शहरं ओस पडत गेली. मुद्रा गेल्या, लिपी गेली, ती चौकोनी वजनंही गेली. कापूस राहिला, अकीकाचे मणी घडवण्याची कला खंबातमध्ये आजही आहे. आणि माप? इथे आपल्याला दामोदर धर्मानंद कोसंबी भेटतात. गोव्यात जन्मलेले, पेशाने गणिती. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेली, नाणी त्यांनी एकेक करून काट्यावर तोलली, हजारोंनी तोलली. हातोहात फिरताना नाणं किती झिजतं याचं गणित मांडलं. नाण्यांचं मूळ वजन साडेतीन ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे मोहेंजोदडोच्या मालिकेतल्या चार पटीच्या वजनाएवढं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. मधे हजाराहून अधिक वर्षं गेली होती. नगरं नसतानाही ही रीत कुणाच्या तरी हातात, कदाचित सोनारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या, जिवंत राहिली असावी असं मला वाटतं.

तिथून आपल्या आणेवारीपर्यंत सरळ रेघ ओढणं घाईचं होईल, ती मी ओढणार नाही. पण निम्म्याचं निम्मं करत तोलण्याची पद्धत आपल्या वाणसामानाच्या दुकानात होतीच: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, आणि रुपयाचे आणेही सोळा. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि सोळाचा हिशेब आपल्या बाजारातून उठला.