छपराचा जमाखर्च

(सोलापुरात एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पंखे बंद करू नका, माझा आवाज पोचतोय. एप्रिलमध्ये, संध्याकाळी सहा वाजता, सोलापुरात गारव्यावर बोलायला बोलावलंय, म्हणजे आयोजकांना विनोदबुद्धी आहे.

आधी सांगा, लहानपणी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, झोपलेले किती जण आहेत इथे? बरेच हात वर झाले. सभागृहाचं सरासरी वयही कळलं. तर तुम्हाला आठवत असेल. दिवस मावळला की माळवदावर पाणी मारायचं, मातीचा वास सुटायचा, मग अंथरुणं पडायची. दहा वाजेपर्यंत खालून पाठीला ऊब लागायची. आणि पहाटे आजी अंगावर चादर टाकून जायची, कारण अंग गार पडलेलं असायचं. उन्हाळ्याच्या त्या पहाटेही हवा काही फार थंड नसायची. मग गार कशानं वाटायचं? वाऱ्यानं, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या डोक्यावर होतं: उघडं आभाळ.

हिवाळ्यातला दाखला घ्या. मोटारसायकल रात्री अंगणात उघड्यावर लावली तर सकाळी सीट दवानं चिंब असते. तीच लिंबाखाली लावली तर कोरडी. दव पडतं असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून पडत नाही. सीट हवेपेक्षा गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. मग लिंबाखालची सीट का गार होत नाही? हवा तर दोन्हीकडे तीच. फरक एवढाच, की लिंबाखालच्या सीटला आभाळ दिसत नाही.

प्रत्येक वस्तू, तुम्ही, मी, ही खुर्ची, सतत उष्णतेचे किरण बाहेर फेकत असते. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातले बरेचसे किरण अडवतात आणि बरीच उष्णता परत खाली पाठवतात. पण 8 ते 13 मायक्रॉन लांबीच्या लहरींना (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा फारशी अडवत नाही. भिंतीत खिडकी असावी तशी ही जागा आहे, आणि खिडकीपलीकडे थेट अंतराळ, उणे 270 अंशांचं. आभाळ ढगाळलं की थंडी कमी होते, हे द्राक्षबागायतदाराला पुस्तक न वाचता माहीत असतं. ढग म्हणजे त्या खिडकीवर ओढलेला पडदा.

यातलं काही नवीन नाही. 1775 साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फाची हकिगत लिहिली. हिवाळ्यात मोकळ्या मैदानात उथळ खड्डे करायचे, तळाशी उसाची वाळलेली चिपाडं अंथरायची, त्यावर मातीच्या पसरट परळांत पाणी ठेवायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही बर्फ व्हायचा. परळं कच्ची असल्यानं माठासारखी थोडी पाझरायची, तोही हातभार होताच. पण मोठं काम आभाळाचं. चिपाडं कशाला? जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बार्करचं तेवढं राहिलं.

अडचण दिवसा येते, आणि इथूनच संशोधन सुरू होतं. आपण व्यापारी पेठेत राहणारी माणसं, म्हणून छपराचा जमाखर्चच मांडू. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन येतं. कपड्यांची एक इस्त्री समजा. दहा बाय दहाच्या खोलीवर अशा नऊ इस्त्र्या. ही जमा. खर्चाची बाजू म्हणजे खिडकीतून आभाळाकडे जाणारी उष्णता: निरभ्र, कोरड्या हवेत चौरस मीटरला साधारण 100 वॅट. आता साधा, चांगल्यातला पांढरा रंग 85 टक्के ऊन परतवतो. म्हणजे 150 वॅट जमा, 100 खर्च. छप्पर तापणारच. रंग 97 टक्क्यांवर नेला तर जमा 30. 98 टक्क्यांवर नेला तर 20. मग भर उन्हात खर्च जमेपेक्षा जास्त होतो आणि छप्पर सावलीतल्या हवेपेक्षाही गार पडतं. 85 आणि 98 मध्ये तेराचा फरक दिसतो, पण हिशेब परतवलेल्या उन्हाचा नसतो, आत राहिलेल्या उन्हाचा असतो. दीडशेवरून वीस. हा एक मुद्दा घरी घेऊन गेलात तरी माझं भाडं वसूल.

हे पहिल्यांदा भर उन्हात करून दाखवलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठात, 2014 साली. शानहुई फान हे प्राध्यापक आणि त्यांच्याबरोबर आस्वथ रामन. हे रामन लहानपणी दर उन्हाळ्यात कॅनडाहून मुंबईला आजी-आजोबांकडे यायचे. मुंबईच्या घामाचा विज्ञानाला कुठे उपयोग झाला असेल तर तो इथे! त्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर चांदी चढवली आणि त्यावर हाफ्नियम ऑक्साइड व सिलिका यांचे एकूण सात पातळ थर. सगळे मिळून दोन मायक्रॉनसुद्धा जाडी नाही. 97 टक्के ऊन परत, आणि उन्हात ठेवलेली ती चकती भोवतालच्या हवेपेक्षा 4.9 अंश गार. वीज नाही, पाणी नाही. पण चांदी आणि हाफ्नियमचं छप्पर कोण घालणार? ती सिद्धता होती, वस्तू नव्हे.

वस्तूकडे जायची वाट नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाली, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातून जाते. खडीसाखरेचा खडा हातात घ्या. आरपार दिसतं. तोच कुटून पिठीसाखर केली की शुभ्र पांढरी. साखर तीच आहे, कुठला रंग घातलेला नाही. कणाकणाच्या पृष्ठभागावर उजेड वळतो, विखुरतो आणि शेवटी आला तिकडेच परत फिरतो. साबणाच्या पाण्याचंही तसंच: पाणी पारदर्शक, फेस पांढरा. 2018 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका फेसच केला म्हणा ना. प्लॅस्टिकसारखा एक बहुवारिक द्रवात विरघळवून लावायचा, द्रव उडून गेला की मागे लहान-मोठी हवेची छिद्रं उरतात. रंगद्रव्य शून्य. तरी 96 टक्के ऊन परत.

अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात शियुलिन रुआन यांच्या गटानं पिठीसाखरेची वाट धरली. शंभरावर पदार्थ तपासले, त्यातले दहा निवडले, आणि ज्यांच्याकडून आशा होती त्या प्रत्येकाची पन्नासेक मिश्रणं करून पाहिली. 2020 मध्ये कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला खडू: 95.5 टक्के. 2021 मध्ये बेरियम सल्फेट: 98.1 टक्के. जगातला सर्वांत पांढरा रंग म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हे बेरियम सल्फेट तुमच्यापैकी काहींनी प्यायलंय. पोटाच्या एक्स-रेआधी दवाखान्यात देतात ते पांढरं पाणी, तेच.

यात दोन खुबी आहेत. बाजारातल्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते उजेड छान विखुरतं, पण अतिनील किरण गिळतं. बेरियम सल्फेट गिळत नाही. दुसरी खुबी मला जास्त आवडते. त्यांनी कण एकसारखे ठेवले नाहीत, मुद्दाम लहान-मोठे ठेवले. उन्हात निम्म्याहून अधिक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींचा असतो, आणि प्रत्येक लांबीच्या लहरीला विखुरायला वेगळ्या आकाराचा कण लागतो. धान्याला आपण एकच चाळण वापरत नाही, तसंच. या रंगाचा पृष्ठभाग भर दुपारी हवेपेक्षा साडेचार अंश आणि रात्री साडेदहा अंशांपर्यंत गार राहिला. थर मात्र 400 मायक्रॉन जाड लागतो. मोटारगाड्यांसाठी त्यांनी 2022 मध्ये दुसरा रंग केला, 150 मायक्रॉनचा.

आता आपल्या पत्र्याकडे येतो, कारण यातला खरा धडा तिथे आहे. नवा जस्ताचा पत्रा कसा लखलखतो! ऊनही बऱ्यापैकी परतवतो. तरी मे महिन्यात दुपारी त्याला हात लावून बघा, म्हणजे लावू नका. असं का? तो जसा उजेडाला आरसा आहे, तसा उष्णतेच्या लांब लहरींनाही आरसाच आहे. आत आलेलं बाहेर सोडत नाही. कवडीचुंबक. जमा थोडी, पण खर्च जवळजवळ नाहीच. चुना याच्या उलट. डोळ्यांना पांढरा, पण त्या लांब लहरींच्या नजरेतून जवळजवळ काळा. मोकळ्या हाताचा. म्हणून घासलेल्या, चकचकीत पत्र्यापेक्षा चुन्याचा हात दिलेला पत्रा गार. आपल्या आज्या दिवाळीला भिंती सारवताना, चुना लावताना निम्मं गणित सोडवून बसल्या होत्या. उरलेलं निम्मं सोडवायला नॅनोमीटर मोजणारी यंत्रं लागली.

आणि हे सोलापुरासाठी का सांगतोय? पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. मार्च संपत आलेला. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. डोक्यावर पत्रा, आणि पंखा बंद. मी लावायला उठलो, तर म्हणाली, "नको सर, जर्दा उडतो." कारखान्यातही निराळं नाही. सुतातली ओल गेली की धागा तुटतो, म्हणून मागाच्या शेडमध्ये वारा खेळू देत नाहीत, ओल धरून ठेवतात. म्हणजे जिथे पंखा चालत नाही, कूलर चालत नाही, आणि एसी परवडत नाही, अशी कामं या शहरात हजारो घरांतून चालतात. एसी म्हणजे तरी काय, आपल्या खोलीतली उष्णता गल्लीत फेकणारं यंत्र. गल्लीतल्या माणसानं ती कुठे टाकायची? छप्पर ती थेट वर टाकतं. आणि कूलरला पाणी लागतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात याहून जास्त बोलत नाही.

आता उणी बाजू, कारण नुसतं कौतुक ऐकून उद्या कुणी डबा घेऊन गच्चीवर चढेल. मी चढलो होतो. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा "उष्णतारोधक" रंग घेतला, नाव सांगत नाही. दुकानदार म्हणाला, दहा अंशांचा फरक. दहा कशाच्या तुलनेत, हे मी विचारलं नाही. विज्ञानाचा शिक्षक असून! पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात गच्ची चहाच्या रंगाची. वाऱ्याची धूळ, जवळच्या भट्टीची काजळी. 98 टक्क्यांच्या रंगावर धुळीनं दहा टक्के खाल्ले की आपला जमाखर्च पुन्हा तोट्यात. धुवायला पाणी हवं, आणि पाण्याचं आत्ताच बोललो. शिवाय समोरच्या घरातल्या काकूंना स्वयंपाकघरात गच्चीची तिरीप येऊ लागली, ते बोलणं वेगळं खाल्लं.

आर्द्रतेचंही आहे. हवेत वाफ वाढली की ती खिडकी अर्धवट मिटते. म्हणून मुंबईत हा रंग आपल्याइतकं काम करणार नाही. आपला उन्हाळा कोरडा. भाजतो तो, पण आभाळ मोकळं ठेवतो. आणि हे छपराचं औषध आहे, भिंतीचं नव्हे. भिंतीला आभाळ नाही, समोरची भिंत दिसते. बैठ्या पत्र्याच्या घराला फायदा सगळ्यात जास्त. चार मजली इमारतीत वरच्याची चैन, खालच्याला पत्ताही नाही.

तरी वाट बघत बसायचं कारण नाही. अहमदाबादेनं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी केली. तेलंगणानं 2023 मध्ये गार छपरांचं पाच वर्षांचं धोरणच आणलं. आपल्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे सोयरे तिकडे आहेत, चौकशी करायला फोन पुरेल. तोवर चुना आहेच. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून कुणी डिंक घालतं, कुणी फेव्हिकॉल. फेब्रुवारीच्या शेवटी दोन हात द्यायचे.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय: "रंगवाल्याला काय विचारावं?" दोन आकडे विचारा. ऊन किती टक्के परतवतो, आणि उष्णता किती टक्के सोडतो. मग तिसरा प्रश्न: तीन वर्षांनी किती? पहिल्या दोनांची उत्तरं डब्यावर सापडतील. तिसऱ्याला तो चहा मागवेल.

आता वीज जायच्या आत एक गंमत. हे माझ्या हातात आहे ते यंत्रमागाच्या मोटारीचं बेअरिंग तापलंय का बघायचं पिस्तूल. लांबूनच तापमान सांगतं, आणि ते बघतं नेमकं त्याच खिडकीतून, 8 ते 14 मायक्रॉन. डिसेंबरात रात्री मी हे सरळ आभाळाकडे धरलं, तर आकडा शून्याच्या खाली. भिंतीवर धरलं तर वीसच्या आसपास. आज हवा छत्तीस तरी आहे. बाहेर अंधार पडलाय, ढग नाहीत. चला अंगणात, एकेकानं धरून बघा आणि मला आकडा सांगा. फक्त त्या लिंबाखाली उभे राहू नका, नाहीतर आभाळाऐवजी लिंबाचा ताप मोजाल.