पाण्यातून निसटणाऱ्या केमिकल्सच्या मागावर

हे पाणी बघा, अगदी नितळ दिसतंय. पण यात बेन्झीन, म्हणजे कॅन्सर करू शकणारं एक केमिकल, असू शकतं, आणि पिण्याच्या पाण्यात बेन्झीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे फक्त १० मायक्रोग्रॅम. एवढंसं असलं तर जिभेला किंवा नाकाला पत्ताही लागत नाही.

त्यात बेन्झीनसारखी केमिकल्स पाण्यात टिकून राहत नाहीत, झाकण उघडं राहिलं की उडालीच. म्हणून सॅम्पलची बाटली काठोकाठ भरतात, बंद करून उलटी धरून बघतात, आणि आत बुडबुडा दिसला की परत भरतात, कारण जे मोजायचंय तेच त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. माझ्या मते निम्मं काम इथेच असतं, मशिनची वेळ नंतर येते.

लॅबमधली नेहमीची पद्धत म्हणजे पाण्यातून हेलियम सोडायचा, त्याच्याबरोबर बाहेर पडणारी केमिकल्स ट्रॅपमध्ये, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या नळीत, पकडायची, मग ट्रॅप गरम करून ती गॅस क्रोमॅटोग्राफ या मशिनमध्ये एकेक वेगळी करायची. पद्धत भरवशाची, पण वेळखाऊ.

१९६३ मध्ये होक आणि कॉक या दोन संशोधकांनी वेगळी वाट काढली. पाणी आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारं मशिन) यांच्यामध्ये फक्त एक पातळ मेम्ब्रेन, म्हणजे पडदा! आज ती बहुतेक वेळा सिलिकॉनची असते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. बेन्झीनसारखे रेणू सिलिकॉनमध्ये सहज विरघळतात, त्यातून सरकत पलीकडे जातात, पाणी मात्र बरंचसं अलीकडेच राहतं. म्हणजे जी निसटायची खोड आपल्याला नडत होती तीच इथे कामाला लावली, आणि मला ही आयडिया प्रचंड आवडते.

पलीकडे गेलेल्या रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो, त्यांचे आयन बनतात, काही तुटतात, आणि मशिन त्यांना वजनानुसार वेगळं करतं. बेन्झीनचा सिग्नल ७८ या वजनावर दिसतो. क्लोरोफॉर्म ८३ आणि ८५ अशा जोडीने येतं, कारण क्लोरिनचे ३५ आणि ३७ असे दोन आयसोटोप, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत, आणि त्या दोन सिग्नलचं प्रमाण साधारण ३ ला २ आलं की हे क्लोरोफॉर्मच का, हा संशय बराच मिटतो.

समुद्रावर तर जहाज चालू असतानाच मेम्ब्रेनवरून पाणी वाहतं ठेवून ६२ वर डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे समुद्राच्या पाण्यातला एक गंधकयुक्त पदार्थ, मोजतात.

तापमान मात्र स्थिर ठेवावंच लागतं, नाहीतर मेम्ब्रेनमधून जाण्याचा वेग बदलतो आणि आकडे हलतात. शिवाय झायलीन आणि इथाइलबेन्झीन, दोघांचेही मुख्य सिग्नल ९१ आणि १०६ वर, दोन्ही एकत्र असतील तर ही पद्धत त्यांना वेगळं ओळखू शकत नाही, तिथे सॅम्पल क्रोमॅटोग्राफकडेच पाठवायचं.