कंबरेची गोळी आणि दुधातली अश्वगंधा

नमस्कार, श्रोतेहो. गेली बारा वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. कंबर धरली, मान आखडली म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रोज कुणी ना कुणी येतं. "आणखी काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही हो, काहीच नाही." आणि सुटे पैसे घेता घेता, "झोपताना दुधातून अश्वगंधा घेते, तेवढीच."

ती 'तेवढीच' मला काळजीत टाकते.

तुमच्या स्ट्रिपची मागची बाजू बघा. बारीक अक्षरांत वेदनाशामकाच्या शेजारी टिझानिडीन २ मिलिग्रॅम असं बऱ्याचदा दिसेल. हे आखडलेले स्नायू सैल करणारं औषध. ही गोळी थेट स्नायूवर काम करत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे संदेश ती मंद करते. म्हणूनच झोप येते, तोंड कोरडं पडतं, रक्तदाब उतरतो. घेतल्यावर तासा-दोन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो. अश्वगंधेनंही गुंगी येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली की परिणामांची भर पडते.

माझी मावशी अशीच पडली. रात्री दहाला गोळी, त्यावर दूध. अकराला लघवीला उठली, झटकन उभी राहिली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ मोरीच्या कठड्यावर आपटलं. चार टाके पडले. तिनं डॉक्टरांना अश्वगंधेचं सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

यकृताचंही ध्यानात ठेवा. टिझानिडीननं काहींच्या यकृताला त्रास होतो आणि अश्वगंधेनंही मोजक्या लोकांना कावीळ झाल्याची नोंद आहे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळी चालू असेल, रोज दारू होत असेल, तर धोका आणखी वाढतो. आणि घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी जुलाबासाठी म्हणून टिझानिडीनबरोबर मुळीच घेऊ नका. रक्तातलं टिझानिडीन त्यानं दसपटीच्या घरात जातं.

स्नायूंची गोळी महिनोन् महिने चालू असेल, तर घाबरून ती एकदम बंद करू नका. बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी दुसरी गोळी, ती अचानक थांबवल्यानं झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून होईपर्यंत चूर्ण तेवढं बाजूला ठेवा. आणि दवाखान्यात जाताना चूर्णाचा डबाच पिशवीत टाका, कारण कित्येक डब्यांत अश्वगंधेबरोबर आणखी पाच-सहा वनस्पती असतात आणि ती नावं तोंडपाठ कुणालाच नसतात.